सत्कारात अडकलेले चंदरराव

आमच्या शेजारचे चंदर गांगुर्डे जेल रोडला राहतात, यात रस्त्याचा काही दोष नाही. त्याच रस्त्यावर आम्हीही राहतो आणि बऱ्यापैकी मोकळे फिरतो. चंदरराव मात्र कळायला लागल्यापासून अटकेत आहेत. त्यांना अडकवून ठेवणारी भिंत दगडाची नाही, भिडेची आहे. समोरच्याने काही म्हटलं, की यांच्या तोंडून आधी "हो" बाहेर पडतं आणि मग ते आपण कशाला हो म्हणालो याची चौकशी करतात.

एकदा ते दाढी करायला गेले आणि केस काळे करून आले. न्हाव्याने दुसऱ्या कोणासाठी कलप कालवला होता, ते गिऱ्हाईक आलंच नाही, आणि कलप वाया चालला होता. एकदा कोथिंबीर आणायला निघाले, वाटेत ओळखीच्या एकाने गाडी थांबवून "चला" म्हटलं म्हणून बसले, आणि संध्याकाळी मनमाडहून फोन केला की माझ्यासाठी जेवायचं थांबू नका. त्या ओळखीच्याला मेव्हण्यासाठी मुलगी बघायची होती. चंदररावांनी ती पसंतही केली. विचारल्यावर तोंडावर नापसंत कसं म्हणायचं? आता त्या लग्नाला चार वर्षं झाली आणि नवराबायको दोघंही यांना आपला मध्यस्थ समजून भांडणं सोडवायला बोलावतात. हे जातात.

ज्योत्स्नावहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, सुरुवातीची काही वर्षं उपदेश केला. "भीड भिकेची बहीण," असं त्या म्हणायच्या. पुढे त्यांच्या लक्षात आलं की उपदेशालाही हे "हो" म्हणतात. तेव्हापासून त्यांनी नाद सोडला.

या दोघांना एक मुलगी, संजना. बापाच्या नेमकी उलटी. कोणाच्या हाती म्हणून लागत नाही. शाळेत असताना खो-खोच्या मैदानात उतरली, आणि बघता बघता जिल्हा, राज्य आणि मग भारताच्या कुमारी संघात गेली. पळतीला उभी राहिली की पाठलाग करणाऱ्या मुली दमून कमरेवर हात ठेवतात, असं लोक सांगतात. लोक सांगतात म्हणायचं, कारण चंदररावांनी तिला खेळताना कधी पाहिलेलंच नव्हतं.

गेले नाहीत असं नाही. घोटीच्या सामन्याला गेले, तर वाऱ्याने मांडव हलायला लागला. संयोजकांनी शेजारी दिसलेल्या माणसाला "जरा धरता का?" विचारलं. तो माणूस चंदरराव होता. पुढचा सगळा सामना त्यांनी मैदानाकडे पाठ करून, दोन्ही हातांनी मांडवाचा बांबू कवटाळून ऐकला. कळवणला मैदानाच्या कडेला पोचले आणि कोणीतरी त्यांच्या हातात चहाची किटली दिली. किटलीवाला माणूस कोणालाच परका वाटत नाही, त्यामुळे ती परत घ्यायला कोणी आलं नाही.

"पप्पा, तुम्ही मला पळताना कधी पाहिलंय का?" संजनाने एकदा विचारलं.

"पाहिलंय की. शाळेला उशीर झाला की रोज."

ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, "मी मोठ्यांच्या संघात गेले की हे सगळं लांबच्या गावी होईल. या वर्षी आपल्याकडे आहे. एकदा नुसते खुर्चीवर बसा. काही धरू नका, काही वाटू नका. बघा फक्त."

"हो," चंदरराव म्हणाले. पण हा हो त्यांच्या नेहमीच्या हो सारखा नव्हता. हा म्हणायला त्यांना थोडा वेळ लागला.

आपल्याकडे होतं ते म्हणजे शेजारी देशांच्या कुमार क्रीडास्पर्धा. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि आपण. यजमानपद नाशिकला मिळालं आणि शहराच्या अंगात आलं. विमानतळावरून मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्यातले खड्डे भरले. रस्त्याचं जे अंग पाहुण्यांना दिसणार नव्हतं, त्याला धक्का लावला नाही. दुभाजकांवर कुंड्या आल्या. ज्याला त्याला विचारावं, "एवढे पाहुणे, झेपेल ना?" तर तो कुंभमेळ्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "आम्ही कोटींनी माणसं आंघोळ घालून परत पाठवतो, ही चार पोरं काय सांगता!"

या सगळ्याचे स्थानिक कार्याध्यक्ष होते कोंडाजीआप्पा. आप्पा हा उत्साहाचा बंब आहे. त्यांनी आयुष्यात एकही खेळ खेळलेला नाही, पण त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय जिल्ह्यात एकही चषक कोणाला मिळालेला नाही. आप्पांनी चंदररावांना फोन केला.

"चंदर, तू आहेस ना रे?"

"आहे."

"बस्स." फोन बंद. चंदरराव भोजन समितीत गेले होते.

भोजन समितीचा पहिला आठवडा मिसळीवर वाद घालण्यात गेला. पाहुण्यांना नाशिकची मिसळ खाऊ घालायची यावर एकमत होतं, पण परदेशी लेकरांच्या पोटाला सोसेल अशी करायची, म्हणून तर्री इतकी सौम्य केली की ती आजाऱ्यालाही चालली असती. भूतानच्या मुलांनी एक घास घेतला, एकमेकांकडे पाहिलं आणि हिरव्या मिरच्या मागवल्या. मग आणखी मागवल्या. ती पोरं मिरची भाजीसारखी खात होती. भोजन समितीचे सगळे सभासद हात बांधून, माना खाली घालून उभे होते. नाशिकचा असा अपमान पूर्वी झाला नव्हता. त्यानंतर खरी तर्री आली आणि दोन्ही देशांचे संबंध सुधारले.

मिरच्या आणायला चंदररावच धावत होते. मीठ कमी पडलं की चंदरराव, वाढप्याची बायको आजारी पडली की चंदरराव, मालदीवच्या पोहणाऱ्या मुलीला घरची आठवण येऊन रडू फुटलं तरी चंदरराव. आणि भारताच्या मुली खो-खोत एकेक संघ मागे टाकत अंतिम सामन्यात आल्या. गाठ नेपाळशी होती. संघाच्या मुक्कामावरून संजनाचा फोन आला. "उद्या, पप्पा," एवढंच ती म्हणाली.

त्या दिवशी चंदररावांनी आयुष्यातली पहिली तालीम केली. आरशासमोर उभे राहून ते म्हणत होते, "आप्पा, उद्या मला मोकळं सोडा." ज्योत्स्नावहिनी आप्पा झाल्या होत्या. त्या मुद्दाम दरडावायच्या, "का रे चंदर?" आणि हे लगेच म्हणायचे, "बरं, राहू द्या." असं बऱ्याच वेळा झालं. शेवटी वहिनींनी त्यांना घराबाहेर काढलं आणि सोबत मला दिलं.

आप्पा जेवणाच्या मांडवात होते. चंदररावांनी डोळे मिटले आणि एका दमात सांगून टाकलं, की उद्या अंतिम सामना आहे, मुलगी खेळते आहे, मला उद्या काही काम देऊ नका.

आप्पा उभेच राहिले. "कोणाची मुलगी? तुझी? ती संजना तुझी पोरगी? अरे गाढवा, आधी नाही का सांगायचं!"

"म्हणजे मी मोकळा..."

"काम? तुला काम? उद्या तुझा सत्कार!"

मी चंदररावांकडे पाहिलं. दार उघडलं म्हणून पाय टाकावा आणि आत दुसरी कोठडी निघावी, तसा त्यांचा चेहरा झाला.

"सामन्याच्या आधी," आप्पा म्हणाले. "खो-खोच्या हॉलला लागूनच स्टेज आहे. पाच मिनिटं. शाल, नारळ, फेटा, आणि तू आत सामना बघायला. ठरलं?"

"हो," चंदरराव म्हणाले.

आता सत्कार ही काय वस्तू आहे हे मराठी माणसाला सांगायला नको, पण त्यात माणूस कसा कोंडला जातो हे फार जणांना ठाऊक नसतं. सत्काराला प्रमुख पाहुणे लागतात. ते आल्याशिवाय सुरुवात नाही, आणि ते वेळेवर आले तर ते प्रमुख नाहीत. ते आल्यावर दीपप्रज्वलन, त्यात वारा, मग स्वागतगीत, मग प्रास्ताविक, मग परिचय, आणि व्यासपीठावर बसलेल्या प्रत्येकाला निदान एक गुच्छ. ज्याचा सत्कार, त्याला आभारप्रदर्शन होईपर्यंत उठता येत नाही. बाकी कोणी पाणी प्यायला गेला तर चालतं. तो उठला तर तो माजला.

दुसऱ्या दिवशी चंदरराव त्या व्यासपीठावर मागच्या रांगेत मधोमध बसले होते. पुढे टेबल, त्यावर पांढरी चादर, त्यापुढे झेंडूच्या माळा. दोन्ही बाजूंना पदाधिकारी मांडीला मांडी लावून. मागे भला मोठा फ्लेक्स, त्यावर चाळीसेक चेहरे, त्यात तळाशी डावीकडे चंदररावांचाही होता, ओळखपत्रावरचा, घाबरलेला. फेटेवाल्याने फेटा असा आवळला होता की भुवया वर चढून त्यांना कसलंतरी कायमचं आश्चर्य वाटत असल्यासारखं दिसत होतं. ज्योत्स्नावहिनी केव्हाच आत जाऊन बसल्या होत्या आणि शेजारच्या खुर्चीवर त्यांनी पिशवी ठेवली होती. मी समोर प्रेक्षकांत होतो.

पाहुणे आले नाहीत. पाच मिनिटांचा अर्धा तास झाला. आणि मग भिंतीपलीकडून, हॉलमधून, लांब शिट्टी ऐकू आली.

आतले पंच परदेशातून आले होते. त्यांना प्रमुख पाहुण्यांचं काही माहीत नव्हतं. त्यांनी घड्याळ बघून सामना सुरू केला.

चंदररावांची मान शिट्टीच्या दिशेला वळली ती तिकडेच राहिली. आत गलका उठला की त्यांच्या हातातला गुच्छ उठायचा, गलका बसला की गुच्छ बसायचा. पहिला डाव संपल्याची शिट्टी झाली त्याच सुमाराला पाहुण्यांची गाडी आली. दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. पाहुणे माईकसमोर उभे राहिले आणि आपण लहानपणी विटी-दांडू कसा खेळायचो तिथून त्यांनी सुरुवात केली. विटी अजून शेजारच्या परसात पडलेली होती, तेव्हा चंदरराव उठले.

मला वाटलं, सुटला गडी! पण कडेला उभा असलेला निवेदक फार हुशार होता. एवढ्यात पाहुण्यांनी पाणी पिण्यासाठी पेला उचलला, आणि ती संधी साधून तो ओरडला, "सत्कारमूर्तींना राहवत नाहीये! ते दोन शब्द बोलू इच्छितात!" माईक हातोहात मागच्या रांगेत पोचला.

चंदररावांनी माईककडे पाहिलं. "माझी मुलगी आत खेळते आहे," ते म्हणाले. "मला तिकडे जायचं होतं."

आता कोणीतरी म्हणणार, जा बाबा. पण आप्पांनी पुढून दुसरा माईक पकडला. "बघा! याला म्हणतात बापाचं काळीज! टाळ्या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणीतरी शिट्टी मारली. डावीकडच्या पदाधिकाऱ्याने डोळे पुसले आणि उजवीकडच्याने चंदररावांचं कोपर धरून मायेने त्यांना खाली बसवलं. "बस, चंदर, बस," आप्पा म्हणाले. "झालंच आता."

ते बसले. खरं बोललेला माणूस टाळ्यांखाली असा गाडला जाताना मी पहिल्यांदाच पाहिला.

पाहुण्यांनी विटी परसातून काढली. आत पुन्हा शिट्टी झाली. माझ्या शेजारी बसलेल्या एका मास्तरांनी हलक्या आवाजात सांगितलं, "शेवटची पाळी. नेपाळ पाठलागाला, आपल्या मुली पळतीला. जितक्या उशिरा बाद होतील तितकं बरं." हे मी ऐकलं, आणि चंदररावांना ते न ऐकताही कळलं असावं. कारण मी मान वर केली तेव्हा त्यांची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर फेटा होता, आणि त्याच्या शेजारी गुच्छ नीट ठेवलेला होता.

पुढून वाट नव्हती, बाजूंनी नव्हती. मागचा फ्लेक्स मात्र हलत होता. एक फुगवटा त्याच्या आतून सरकत निघाला होता. तो आधी कोषाध्यक्षांच्या गालात गेला, मग सरचिटणिसांचं नाक वर आलं, मग खुद्द आप्पांच्या छातीवर टेंगूळ आलं आणि कडेला जाऊन नाहीसं झालं. प्रेक्षकांत बऱ्याच जणांनी ते पाहिलं. व्याख्यान ऐकणाऱ्यांना एवढीही करमणूक पुष्कळ असते.

मी उठून हॉलच्या दाराकडे धावलो. चंदरराव दारापर्यंत पोचले होते आणि दारातच अडकले होते. दारावर सायली नावाची एक कॉलेजची मुलगी स्वयंसेविका होती. तिने यांच्या गळ्यातलं ओळखपत्र उलटसुलट पाहिलं.

"काका, हे भोजन समितीचं आहे. यावर आत नाही सोडता येत."

"माझी मुलगी..."

"सगळ्यांचंच कोणीतरी आहे हो काका. सकाळी एकाला सोडलं तर मला केवढं बोलले. प्लीज ना." तिचे डोळे भरले.

झालं. आता ही पोरगी रडणार, आणि चंदरराव तिच्यासाठी पाणी आणायला जाणार, अशी माझी खात्री झाली. ते खरंच दोन पावलं मागे सरले. पण गेले नाहीत. दाराच्या दोन फळ्यांमध्ये वीतभर फट होती. त्यांनी त्या फटीला डोळा लावला.

"इथून बघितलं तर चालेल का?"

सायलीने इकडेतिकडे पाहिलं आणि अर्धं पाऊल बाजूला झाली.

त्या फटीतून मीही त्यांच्या डोक्यावरून पाहिलं. मधल्या रांगेत उकिडव्या बसलेल्या नेपाळच्या मुली, एकीआड एक तोंड फिरवून. आणि त्यांच्यामधून निळ्या जर्सीतली संजना. ती फटीत यायची, जायची. आली की अख्खी दिसायची, वेणी, गुडघे, दातात धरलेला ओठ. गेली की नुसता "खो" ऐकू यायचा. पुन्हा दुसऱ्या बाजूने यायची. चंदरराव श्वास घेत होते तोही ती दिसेनाशी झाल्यावर, मधल्या वेळात.

तेवढ्यात मागून मनोज धापा टाकत आला. मनोज म्हणजे आप्पांचा उजवा हात. त्याने चंदररावांची बाही धरली. "भाऊ, नाव पुकारलंय! पाहुणे शाल हातात घेऊन उभेत. चला!"

"नाही," चंदरराव म्हणाले. डोळा फटीवरच होता.

मनोजला कळेना. बटण दाबलं की दिवा लागतो एवढंच माहीत असलेल्या माणसासारखं त्याने पुन्हा दाबून पाहिलं. "भाऊ, आप्पांनी बोलावलंय."

"नाही येत."

"म्हणजे दोन मिनिटांनी येताय?"

"मनोज, खांबाकडे बघ. आता ती हूल देणार."

मनोज वाकला. संजना खांबाशी आली, एका बाजूला झुकली, पाठलाग करणारी मुलगी तिकडे झेपावली आणि ही दुसऱ्या बाजूने निघून गेली. "आयला!" मनोज म्हणाला आणि तिथेच राहिला. सायलीही दाराकडे तोंड करून उभी राहिली. पहारा माझ्याकडे आला.

आणि पहारेकरी म्हणून मी पाहिलं, की मांडवातून सत्कारच चालत येतो आहे. पुढे आप्पा, मग शाल घेतलेले पाहुणे, मग नारळ घेतलेले कोषाध्यक्ष, मग फोटोवाला, मागे निवेदक. पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं होतं आणि शाल तर घालायची राहिली होती. सत्कारमूर्ती येत नाही म्हटल्यावर आप्पांनी सत्कार हलवला होता.

पाहुण्यांनी शाल पसरली. चंदररावांनी मान वळवली नाही. ती त्यांच्या खांद्यावरून घसरून डोक्यावर आली, फट झाकली गेली, आणि त्यांनी ती एका हाताने झटकली. "भाऊ, इकडे बघा!" फोटोवाला ओरडला. "भाऊ, एक सेकंद!" भाऊ हलले नाहीत. तो फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आला. त्यात पाहुणे हसतमुखाने नारळ पुढे करत आहेत आणि एका माणसाची पाठमोरी मान तो स्वीकारत नाही.

आत शेवटची शिट्टी झाली. हॉल छतासकट ओरडला. संजना हाती लागली नव्हती.

दार उघडलं आणि मुली बाहेर आल्या, एकमेकींच्या गळ्यात पडत. संजना सगळ्यात मागे होती. तिचे केस कपाळाला चिकटले होते आणि तिला धड उभंही राहवत नव्हतं. आप्पांच्या चेहऱ्यावर पुन्हा तो उत्साह चढला. "आली! कन्या आली! साहेब, थांबा, हिचाही इथेच करून टाकू. माईक आणा रे! बाळ, इकडे ये, दोन शब्द..."

चंदरराव मध्ये उभे राहिले. अंगावरची शाल अर्धी जमिनीवर लोळत होती. त्यांनी हात आडवा धरला, रस्ता ओलांडणाऱ्या शाळेच्या पोरांसाठी गाड्या थांबवतात तसा.

"आप्पा, थांबा. आधी तिला पाणी पिऊ द्या."

"अरे, एक मिनिटाचं..."

"नाही, आप्पा."

आप्पा थांबले. त्यांच्या मागे पाहुणे थांबले, नारळ थांबला, फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. सायलीने आपली बाटली दिली. संजनाने भिंतीला टेकून ती तोंडाला लावली आणि सावकाश, थांबत थांबत पाणी प्यायलं. एवढी मोठी माणसं एका मुलीचं पाणी पिऊन होण्याची वाट बघत गप्प उभी होती, आणि चंदररावांनी हात खाली घेतला नव्हता.

तिने तोंड पुसलं. "पाहिलंत?"

"पाहिलं."

"किती?"

"फटीतून दिसलं तेवढं," चंदरराव म्हणाले. "तू थोडी डावीकडे जास्त पळाली असतीस, तर आणखी दिसलं असतं."